सामान आलं, अवजारं राहिली

माझं आजोळ लोणारचं. तेच ते, उल्केच्या सरोवराचं लोणार. पुण्यात हे कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तिथलं पाणी गुलाबी असतं ना रे?" नसतं. जून २०२० मध्ये काही दिवस झालं होतं, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. एरवी ते हिरवट असतं आणि त्याला चांगलाच वास येतो. असो.

आज लोणारबद्दल लिहितोय खरा, पण विषय माझ्या धंद्यातला आहे. सॉफ्टवेअर तयार करताना जी अवजारं लागतात, ती सॉफ्टवेअरच्या सोबत बांधून द्यावीत की नाही? ऐकायला विषय सुक्या भाकरीसारखा आहे, कबूल. पण याच्यापायी मी माझ्या थोरल्या मामेबहिणीसमोर एकदा नाही, दोनदा तोंडावर आपटलोय. त्यामुळे थोडा धीर धरा.

डिसेंबर २०२२. ताई लोणारला शाळेत शिकवते. शाळेला कुठून तरी अकरा जुने कॉम्प्युटर मिळाले होते. सगळे ३२-बिटवाले, म्हणजे आपल्या ऑफिसात भंगारात गेलेले असतात ते. त्यांच्यावर डेबियन लिनक्स नीट चालत होतं. मुलांना मराठी टायपिंग शिकवायला ताईला काहीतरी हवं होतं, तेव्हा मी दोन-तीन रविवार घालवून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर शब्द येतो, मुलाने तो टाइप करायचा, चूक झाली तर अक्षर लाल. बाकी सगळा पायथनमध्ये, पण मशीन जुनी म्हणून वेगाचा भाग सायथनमध्ये. (सायथन म्हणजे पायथनसारखं लिहिलेलं सी भाषेत उतरवून देणारं अवजार. मग ते सी कंपायलरकडे जातं.)

शाळेत नेट नाही हे माहीत होतं. म्हणून हुशारी करून माझ्या प्रोग्रॅमला लागणारी सगळी पॅकेजेस पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली, घरच्या लॅपटॉपवर नेट बंद करून इन्स्टॉल करून पाहिलं, झालं. जालना, सिंदखेडराजा करत लोणारला पोचलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत पेन ड्राइव्ह लावला.

मशीन म्हणालं, सेटअपटूल्स सापडत नाही.

अरे, पण ते कशाला हवंय तुला? माझा प्रोग्रॅम चालताना सेटअपटूल्स वापरतच नाही! मग ट्यूब पेटली. माझा लॅपटॉप ६४-बिटवाला. त्याच्यासाठी तयार केलेलं पॅकेज तिथे होतं, ते नुसतं उचलून ठेवलं गेलं. शाळेतल्या ३२-बिट मशीनसाठी तयार असं काहीच नव्हतं, म्हणून ते बिचारं मूळ कोडपासून पॅकेज बनवायला बसलं. आणि बनवायला लागतात ती अवजारं (सेटअपटूल्स, सायथन, सी कंपायलर, पायथनच्या हेडर फाइली) यातलं मी काहीही आणलं नव्हतं.

मामा खुर्ची टाकून बघत बसले होते. ते रिटायर्ड मास्तर आहेत. म्हणाले, "काहून रे, पुण्याहून इतकं आणलं अन् चालत नाही?" मी त्यांना जमेल तसं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे भाचेबुवा, सामान आणलं, पण अवजारं घरीच राहिली."

माझ्या पंधरा-सोळा वर्षांच्या नोकरीत या प्रश्नाचं इतकं नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं उलगडून सांगतो. उदाहरण मामींच्याच घरातलं. पापड खायला काय लागतं? पापड आणि विस्तव. पण पापड करायला? उडदाचं पीठ, हिंग, मिरं, पापडखार, पोळपाट, लाटणं, वाळवायला साडी आणि ऊन. यातला पापडखार पापडात उतरतो, खाताना दिसत नाही. लाटणं तर पापडात उतरतच नाही. पण लाटण्यावाचून पापड होत नाही. सॉफ्टवेअरचंही तसंच. चालवायला लागणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि बनवायला लागणाऱ्या वेगळ्या. पाकीट पाठवताना पहिल्यांची आठवण सगळ्यांना राहते, कारण त्या नसल्या तर लगेच बोंब होते. दुसऱ्यांची आठवण पापड संपले की येते.

त्या दिवशी ताईचा मोबाईल वायरने मशीनला जोडला, मोबाईलच्या नेटवरून सगळी अवजारं ओढून घेतली, आणि संध्याकाळपर्यंत अकराच्या अकरा मशीन चालू. एका कागदावर ताईला क्रमवार सूचना लिहून दिल्या. निघताना ताईने विचारलं, "तू नसशील तेव्हा यातलं एखादं बिघडलं तर?" म्हटलं, "मोबाईल जोडायचा अन् कागदावर लिहिलंय तसं करायचं. सोपं आहे."

सोपं आहे! आयटीतल्या माणसाने हे दोन शब्द उच्चारले की समजावं, पुढे काहीतरी वाढून ठेवलंय.

जुलै २०२३. एका मशीनची हार्ड डिस्क गेली. ताईने नवी बसवून घेतली, मोबाईल जोडला, कागद समोर ठेवून एकेक ओळ टाइप केली. आणि पडदाभर लाल अक्षरं. कागद तोच, कोड तोच, मशीन त्याच जातीचं. सात महिन्यांपूर्वी चाललेलं आता चालत नव्हतं. आमच्या दोघांच्याही हातून काही बदललं नव्हतं.

बदललं होतं सायथन. १७ जुलै २०२३ ला त्याची ३.० ही आवृत्ती आली. मोठी आवृत्ती, काही जुन्या गोष्टी तिला चालेनाशा झाल्या. माझ्या पॅकेजच्या यादीत मी नुसतं "सायथन" लिहिलं होतं, कुठलं ते लिहिलं नव्हतं. त्यामुळे मशीनने इमानदारीत सगळ्यात नवं आणलं आणि माझा कोड त्याच्या घशात अडकला. एक समाधान एवढंच की मी एकटा नव्हतो. पायवायएमएल नावाचं जगभर वापरलं जाणारं पॅकेज आहे, त्याच्या ६.० आवृत्तीच्या यादीतही नुसतं "सायथन" होतं. त्या एका दिवसात जगभरातल्या कितीतरी जणांचे बिल्ड कोसळले आणि त्या लोकांना घाईघाईने ६.०.१ काढावी लागली.

गंमत बघा, ही यादी मुळात चांगल्या हेतूने आली. पूर्वी पायथनचं पॅकेज बिल्ड करायला काय लागेल हे कळायला ते पॅकेजच चालवून बघावं लागे, आणि चालवायला आधी तेच लागे. आधी कोंबडी की आधी अंडं. २०१६ मध्ये पायथनवाल्यांनी ठरवलं की बनवायला काय लागतं ते एका साध्या फाइलीत वेगळं लिहायचं. २०१८ च्या १० व्या आवृत्तीपासून पिप, म्हणजे पायथनचा इन्स्टॉलर, ती यादी वाचून बिल्डसाठी एक वेगळी स्वच्छ खोली तयार करू लागला. त्या खोलीत तुमच्या मशीनवर आधीपासून असलेलं काही चालत नाही. सगळं नव्याने आणायचं. कुठून? वेगळं काही सांगितलं नसेल तर नेटवरून. शहरात बसून हे फार सुंदर वाटतं. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

दोन रात्री मी पुण्यातून फोनवर ताईला ओळी सांगत होतो, ती टाइप करत होती. उंटावरून शेळ्या हाकणं याला म्हणतात. तो आठवडाभर एका मशीनवर दोन-दोन मुलं बसली. ताई काही बोलली नाही. ती काही बोलत नाही हेच जास्त लागतं.

मग मी जरा मागे जाऊन वाचायला घेतलं, की आपल्या आधीच्या लोकांनी याचं काय केलं होतं. कारण नेट सगळीकडे आणि सतत असतं हे गृहीत धरायला आपण अलीकडेच शिकलोय.

जुन्या युनिक्सच्या काळात प्रोग्रॅम मूळ कोडच्या गाठोड्याच्या रूपात यायचा आणि तुमच्या मशीनवर तुम्ही तो बनवायचा. पण प्रत्येक कंपनीचं युनिक्स निराळं. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी ऑटोकॉन्फ लिहिलं, ते या भानगडीवर उपाय म्हणून. त्यात एक शहाणपण होतं. ऑटोकॉन्फ वापरायचं ते लेखकाने, स्वतःच्या घरी. त्यातून तयार होणारी स्क्रिप्ट गाठोड्यातच घालून द्यायची. घेणाऱ्याकडे ऑटोकॉन्फ असण्याची गरज नाही, साधं शेल, मेक आणि सी कंपायलर असला की पुरे. म्हणजे बनवायला लागणारं एक मोठं अवजार त्यांनी घेणाऱ्याच्या डोक्यावरून उतरवलं, त्या अवजाराचं काम आधीच करून ते सोबत बांधून दिलं.

डेबियनवाल्यांची तऱ्हा वेगळी. १९९३ साली सुरू झालेला हा प्रकल्प. त्यांच्याकडे प्रत्येक पॅकेजच्या मूळ कोडसोबत "बनवायला काय लागतं" याची स्वतंत्र ओळ लिहिलेली असते. आणि नियम असा, की मुख्य भांडारातलं पॅकेज त्याच भांडारातल्या गोष्टी वापरून बनलं पाहिजे, बनवताना नेटवर हात पसरायचा नाही. प्रत्येक पुड्यात लाटणं घालून देत नाहीत ते. लाटणंही त्याच दुकानात ठेवतात, आणि कुठल्या पापडाला कुठलं लाटणं ते लिहून ठेवतात.

आमच्या कॉलेजच्या दिवसांत, २००५-०६ च्या सुमारास, उबुंटूची सीडी फुकट घरपोच मिळायची. पत्ता कळवायचा, काही आठवड्यांनी पोस्टमन पाकीट आणून द्यायचा. २०११ पर्यंत ही सोय होती. हॉस्टेलवर ते पाकीट आलं की सण असायचा. पण लिनक्स टाकलं की मोडेम चालायचा नाही. मोडेम चालायला ड्रायव्हर बिल्ड करायचा, त्याला कंपायलर हवा, कंपायलर नेटवर, आणि नेटला मोडेम हवा! माझ्या एका मित्राने या चक्रात दिवाळीची अख्खी सुट्टी घालवली. शेवटी कळलं, कंपायलर त्या सीडीतच एका कोपऱ्यात ठेवलेला होता, इन्स्टॉल न केलेला. कुणीतरी दूर बसलेल्या माणसाने विचार केला होता की हे पाकीट अशा घरात जाईल जिथे नेट नाही. ज्याने तो कंपायलर सीडीत ठेवला त्याला लोणारच्या शाळेचं काम माझ्यापेक्षा चांगलं जमलं असतं.

मग सरळ सगळंच सोबत बांधून द्यावं, झालं की! असं मलाही वाटलं. पण त्याचीही दुसरी बाजू आहे, आणि ती चांगलीच महागात पडलेली आहे.

मार्च २००२ मध्ये झेडलिब नावाच्या लायब्ररीत एक सुरक्षेची चूक सापडली. फाइली दाबून लहान करणारी ही लायब्ररी इतकी उपयोगी, की असंख्य प्रोग्रॅमवाल्यांनी तिची प्रत आपापल्या गाठोड्यात बांधून घेतली होती. मूळ लायब्ररी दुरुस्त झाली, १.१.४ आली. पण बाकीच्यांच्या गाठोड्यात बांधलेल्या प्रतींचं काय? कुणाकुणाकडे आहे हेच माहीत नाही. ती शोधत बसण्यात लोकांचा घाम निघाला. बांधून दिलेली वस्तू बांधली त्या दिवशीच गोठते. बाहेर जग सुधारतं, गाठोडं नाही.

आणि दुसरी गोष्ट त्याहून भयंकर. २९ मार्च २०२४. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या इंजिनियरला दिसलं की त्याच्या चाचणीच्या मशीनवर दूरून लॉगिन करायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! तुम्ही-आम्ही चहा आणायला उठलो असतो. हा पठ्ठ्या खणत बसला आणि एक्सझेड नावाच्या पॅकेजमध्ये लपवलेलं चोरदार सापडलं, ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत. "जिया टान" या नावाने कुणीतरी दोनेक वर्षं गोड वागून, कामं करून विश्वास मिळवला होता. आणि चोरदार कुठे होतं? सगळे वाचतात त्या सार्वजनिक कोडमध्ये त्याला चालू करणारी ओळ नव्हतीच. ती होती प्रकाशित केलेल्या गाठोड्यात, बिल्डच्या वेळी चालणाऱ्या एका स्क्रिप्टमध्ये. मघाशी मी ज्याचं कौतुक केलं तीच ऑटोकॉन्फची वाट, की तयार स्क्रिप्ट सोबत बांधून द्यायची. त्या स्क्रिप्ट कुणी वाचत नाही हे चोराला माहीत होतं. पापडाची चव सगळे बघतात, पण लाटण्याकडे कोण बघतं?

हे वाचून मी थोडा गारठलो. म्हणजे बांधून दिलं नाही तर ताई अडकते, आणि बांधून दिलं तर शिळं किंवा विषारी काहीतरी तिच्या गळ्यात बांधण्याची भीती. करायचं काय?

याचं उत्तर, किंवा उत्तराच्या जवळचं काहीतरी, मला लोणारलाच मिळालं. २०२३ ची दिवाळी. मी पुन्हा गेलो होतो, यावेळी चुकीची भरपाई करायला. शाळेतल्या एका मशीनवर बिल्ड लावून दिला, त्याला वेळ लागणार होता, म्हणून मामांबरोबर सरोवराच्या काठावर फिरायला गेलो.

काठावरून खाली बघितलं की ते प्रकरण किती मोठं आहे ते कळतं. जवळजवळ १.८ किलोमीटर व्यासाची वाटी, काळ्या बेसॉल्टमध्ये. पुराणात याची गोष्ट आहे, विष्णूने दैत्यसूदन होऊन लवणासुराला मारलं ती. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ त्याच गोष्टीचं. लवण म्हणजे मीठ, आणि सरोवर खारं. गोष्टीतसुद्धा कच्चा माल कुठला ते बरोबर नोंदवलेलं आहे :-)

१८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. पुढे कितीतरी वर्षं वाद चालला, की हे ज्वालामुखीने झालं, जमीन खचून झालं, की आणखी कशाने? दख्खनचं पठार लाव्हाचंच, त्यामुळे ज्वालामुखी म्हणणाऱ्यांचं काही फार चुकत नव्हतं. निकाल लागला १९७३ मध्ये. इथल्या खडकात मास्केलिनाइट सापडलं, म्हणजे प्रचंड धक्क्याने खनिजाची झालेली काच. असा धक्का उल्केच्या आघाताचाच असतो. मी मनात हिशोब केला, १८२३ ते १९७३. दीडशे वर्षं. वस्तू डोळ्यासमोर, रोज दिसणारी, आणि ती कशाने बनली हे कळायला दीडशे वर्षं! कारण जिने बनवली ती उल्का बनवता बनवताच संपली. लाटणं जळून गेलं, पापड उरला. आणि बिल्डची तारीख? तीही भांडणाचीच. एका पद्धतीने मोजलं तर वय सुमारे ५२ हजार वर्षं, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉनच्या मोजणीने सुमारे ५ लाख ७० हजार. दहापटीहून जास्त फरक.

हे मी मामांना सांगत होतो तर ते म्हणाले, "ते आकाशातलं सोड. अबुल फजल वाचलास का?" मामांचं हे असंच. आईन-इ-अकबरी, सोळाव्या शतकाच्या शेवटची. त्यात वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारचा उल्लेख आहे, मेहकरच्या हद्दीतलं पवित्र ठिकाण म्हणून. आणि पुढे नोंद आहे ती अशी, की काच आणि साबण करायला जे जे लागतं ते सगळं या डोंगरांत मिळतं. शिवाय सोऱ्याचे कारखाने आहेत आणि त्यांच्यावरच्या जकातीतून सरकारला चांगलं उत्पन्न होतं.

मी तिथेच थांबलो. म्हटलं, मामा, हीच तर ती ओळ!

इथे काच सुंदर मिळते, साबण स्वस्त आहे, असं काही त्याने लिहिलेलं नाही. काच आणि साबण बनवायला काय लागतं आणि ते कुठे आहे, हे लिहिलंय. वाळू वितळवून काच करायची तर खार हवा, नाहीतर ती नेहमीच्या भट्टीत वितळतच नाही. तेला-चरबीचा साबण करायचा तर खार हवा. लोणारचं पाणी उन्हाळ्यात आटलं की काठाला सोड्याच्या जातीचे क्षार जमतात. पूर्वी ते गोळा करून विकले जायचे, आणि त्यांच्या प्रतीप्रमाणे त्यांना दल्ला, पापडी, भुस्की अशी वेगवेगळी नावं होती. म्हणजे लोणारचे लोक तेव्हा नुसता "खार" म्हणत नव्हते. कुठला खार ते सांगत होते. सायथन नाही, सायथन अमुक अमुक! चारशे वर्षांपूर्वीचा दरबारी लेखक आणि सरोवराच्या काठचे मीठ गोळा करणारे, दोघांनीही माझ्यापेक्षा चांगली यादी केली होती.

संध्याकाळी शाळेत परतलो तेव्हा बिल्ड झाला होता. मग मी पेन ड्राइव्ह पुन्हा भरला. एका फोल्डरमध्ये त्या मशीनसाठी तयार पॅकेज. घाईच्या वेळी नुसतं हेच टाकायचं. दुसऱ्या फोल्डरमध्ये मूळ कोड आणि तो बनवायला लागणारी सगळी अवजारं, प्रत्येकाची आवृत्ती ठरलेली. कंपायलर डेबियनच्या डीव्हीडीत असतोच, ती डीव्हीडी सोबत. आणि तिसरं म्हणजे एक कागद. त्यावर प्रत्येक फाइलीचं नाव, ती कुठून आणली, कधी आणली, आणि तिचा चेकसम, म्हणजे फाइलीच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा. उद्या कुणी एखादी फाइल बदलली तर ठसा जुळणार नाही. उद्या एखाद्या अवजारात झेडलिबसारखी चूक निघाली तर ते आपल्या गाठोड्यात आहे की नाही हे कागद बघून कळेल. मूळ फाइलीतच विष असलं तर हा कागद ते ओळखणार नाही. पण एक्सझेडच्या बातमीनंतर मी तोच कागद काढून दोन मिनिटांत बघू शकलो, की आपल्याकडे ते नाही.

"पण ही अवजारं बनवायला जी अवजारं लागतात, ती?" ताईने विचारलं. शिक्षिका आहे, प्रश्न नेमका विचारणारच. तेव्हा तिला विरजणाचं सांगितलं. दही लावायला दही लागतं. मग पहिलं दही कुठून आलं? कंपायलर बनवायला कंपायलर लागतो, तसंच आहे हे. केन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्येच दाखवून दिलं होतं की विरजणातच खोट असेल तर मूळ कोड कितीही वाचा, खोट दिसणार नाही, पुढच्या प्रत्येक दह्यात उतरत राहील. याच्यावर काम करणारे लोक आहेत. ग्विक्सवाल्यांनी २०२३ मध्ये अवघ्या ३५७ बाइटच्या बीजापासून सुरू करून पायरी-पायरीने अख्खी व्यवस्था बांधून दाखवली. ३५७ बाइट म्हणजे माणसाला कागदावर लिहून एकेक अक्षर तपासता येईल एवढं विरजण. आपण शाळेपुरतं डेबियनपाशी थांबलो. कुठेतरी थांबावंच लागतं. फक्त कुठे थांबलो ते लिहून ठेवायचं.

यानंतरची गोष्ट लहान आहे. २०२५ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ताईने सगळी मशीन पुसून त्यांच्यावर डेबियन १२ टाकायचं ठरवलं. त्यात पायथन नवा, त्यामुळे पहिल्या फोल्डरमधलं तयार पॅकेज त्याला लागूच होईना. हे होणार हे मला तेव्हा सुचलंही नव्हतं. ताईने दुसरा फोल्डर उघडला, कागद समोर ठेवला आणि बनवून घेतलं. अकराही मशीनवर. मोबाईल जोडला नाही, आणि मला फोनही केला नाही. मला कळलं ते थेट राखीपौर्णिमेला, तेही मामांकडून.

योगायोग बघा, राखीपौर्णिमा ९ ऑगस्ट २०२५ ला होती, आणि त्याच दिवशी डेबियन १३ आलं. ३२-बिटच्या जुन्या पीसींसाठी त्यात इन्स्टॉलरच नाही. म्हणजे शाळेच्या त्या अकरा मशीनना डेबियनमध्ये पुढचा रस्ता नाही. यात कुणाची चूक नाही, जगाने किती दिवस मागे वळून बघायचं? पण ताईच्या वर्गात ती मशीन अजून चालू आहेत, आणि जोवर त्यांचं लोखंड धड आहे तोवर चालतील. कारण ती कशी उभी करायची ते सगळं, अवजारांसकट, तिच्या कपाटात आहे.

त्या दिवशी फोनवर मी तिला जरा लटक्या रागाने म्हटलं, "ताई, सांगायचंस तरी, मी आलो असतो." ती म्हणाली, "तू यायला लागू नये म्हणूनच तर दिलं होतंस ना?"

बरोबर आहे तिचं.

निघताना मामींनी नेहमीप्रमाणे उडदाच्या पापडांचा डबा दिला होता, तो गेल्या आठवड्यात संपला. यावेळी फोन करून त्यांच्याकडून प्रमाण लिहून घेतलंय. पीठ किती, खार किती, आणि कुठला खार. या रविवारी करून बघणार आहे. लाटणं घरात आहे.